गाडीतला हॅम रेडिओ: हाय पॉवरवर बंद पडतो, शीळ येते, रिपीटर उघडत नाही

नवातरंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं (परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओचं) कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबरचं ओळखनाव, हातात येऊन चार महिने झाले. इतके दिवस पाच वॅटच्या हँडहेल्डवरच बोलत होतो. गेल्या आठवड्यात गाडीत ड्युअल बँड (व्हीएचएफ आणि यूएचएफ अशा दोन तरंगपट्ट्यांचा) मोबाईल सेट, म्हणजे गाडीतला रेडिओ, बसवला, व्हीएचएफवर ५० वॅटचा. ऐकायला अप्रतिम आहे. हँडहेल्डवर कधी कानावर न पडलेली स्टेशनं स्वच्छ येतात. बोलायला गेलो की मात्र घोडं अडतं.

पहिली अडचण म्हणजे हाय पॉवरवर पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबलं की डिस्प्ले मंदावतो आणि कधीकधी सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लो पॉवरवर असं होत नाही. दुसरी, इंजिन चालू असताना माझ्या आवाजामागे बारीक शीळ येते असं समोरचे सांगतात. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. तिसरी सगळ्यात विचित्र आहे. जवळचा रिपीटर (आपला सिग्नल पकडून दूरवर पुन्हा पाठवणारं स्टेशन) हँडहेल्डवरून उघडतो, पण या सेटवरून उघडत नाही. फ्रिक्वेन्सी, शिफ्ट (पाठवायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) सगळं तीनदा तपासलं.

वीज लायटरच्या सॉकेटमधून घेतली आहे. अँटेना चुंबकाच्या बैठकीची, डिकीच्या झाकणावर ठेवली आहे. सेटच सदोष आला असेल का? परत करायची मुदत आठ दिवसांत संपते, म्हणून घाईने विचारतोय.

डमीलोड

सेट परत करू नका. पहिल्या अडचणीचं उत्तर लायटरच्या सॉकेटमध्ये आहे.

तांब्याची तार

डमीलोड यांच्याशी सहमत. थोडं गणित मांडतो, म्हणजे नवातरंग यांची सेटबद्दलची शंका फिटेल.

अँटेनाकडे ५० वॅट पाठवायला असा सेट साधारण १० ते १२ अँपिअर ओढतो. उरलेल्या विजेची उष्णता होते, म्हणून तर मागे एवढा मोठा हीटसिंक आणि पंखा असतो. आता लायटरच्या सॉकेटमागची वायर समजा १ चौरस मिलिमीटरची आहे. तांब्याच्या अशा वायरीचा रोध मीटरला साधारण १७.५ मिलिओहम. बॅटरीपासून सेट ३ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.१०५ ओहम. १२ अँपिअरला वाटेतच सव्वा व्होल्ट खर्च झाला, आणि १५ वॅट उष्णता डॅशबोर्डमागच्या वायरीत. सॉकेटची स्प्रिंग, तिचा सैल स्पर्श, फ्यूजचा होल्डर हे सगळं आणखी वेगळं.

बहुतेक मोबाईल सेट १३.८ व्होल्टला बनवलेले असतात आणि १५ टक्के खालीवर चालतात. म्हणजे खालची हद्द ११.७. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. त्यातून सव्वा वजा करा. सेट बंद पडतो तो स्वतःच्या बचावासाठी.

आता हेच ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीने करा. तेवढ्याच अंतराला घट होते ०.३२ व्होल्ट. प्रश्न संपला.

छप्परप्रेमी

लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० किंवा १५ अँपिअरचा असतो हेही ध्यानात घ्या. तो उडाला नाही हे नशीब समजा. तिथे मोठा फ्यूज घालून बघायचा मोह कुणालाही होऊ नये. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. बारीक वायरीवर जाड फ्यूज म्हणजे आगीला आमंत्रण.

सोल्डरताई

गणित बरोबरच आहे, पण नवातरंग, आधी मोजा. बॅटरीवर व्होल्ट मोजून काही कळत नाही, तिथे नेहमी छानच दिसतात. मोजायचं ते सेटच्या कनेक्टरवर, आणि तेही पीटीटी दाबलेलं असताना. अँटेनाच्या जागी डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा रोध) लावा, म्हणजे बँडवर कुणाला त्रास नको.

याहून नेमकी पद्धत आहे ती सांगते. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं सेटजवळच्या प्लसवर. पीटीटी दाबा. जो आकडा दिसेल तो प्लसच्या वाटेवर हरवलेला व्होल्टेज. मग तसंच मायनसचं करा. दोन आकडे मिळाले की चोर कुठल्या वाटेवर आहे ते कळतं. मी पंधरा वर्षं लोकांच्या गाड्यांमधले सेट तपासतेय. निम्म्याहून जास्त वेळा चोर मायनसच्या बाजूला सापडला आहे, कारण प्लसकडे सगळे लक्ष देतात आणि मायनस जमेल तिथे आवळतात.

नवातरंग

ताई, आत्ता गाडीत बसूनच मोजलं. इंजिन बंद, हाय पॉवर, सेटच्या कनेक्टरवर १०.९! लो पॉवरवर १२.१. सेट परत करत नाही. बॅटरीपासून थेट वायर ओढायची तर काय काळजी घ्यावी?

जुना ऑपरेटर

अभिनंदन, बाळा. आकडा बघून निर्णय घेतलास हे फार आवडलं.

थेट बॅटरीवर जा. दोन्ही वायरींना फ्यूज, आणि दोन्ही फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. सेटजवळच्या फ्यूजवर विसंबू नकोस. बोनेटखाली पत्र्याला घासून वायरीचं आवरण फाटलं तर त्या फ्यूजच्या अलीकडेच शॉर्ट होईल आणि बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतील. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) हवाच. आमच्या वेळी एकाने तो लावला नव्हता. चार महिन्यांत पत्र्याने वायर कापली. गाडी वाचली, पण सीटपर्यंत धूर आला होता.

तांब्याची तार

काका, ग्रोमेटबद्दल शंभर टक्के. मायनसबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवरच एक सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती वीज गेली आणि किती आली याचा हिशेब तो ठेवतो. आपण मायनस थेट टर्मिनलवर लावला तर सेटची वीज त्या हिशेबात धरलीच जात नाही, आणि गाडीचा संगणक बॅटरीचा चुकीचा अंदाज बांधतो. अशा गाडीत बॅटरीची मायनस केबल चॅसिसला जिथे बोल्टने लावलेली असते तिथे आपला मायनस न्यावा. तिथून घेतला तर मायनसला फ्यूजची गरज उरत नाही.

जुना ऑपरेटर

सेन्सर असेल तर तुझं बरोबर. पण नुसतं 'चॅसिसला लावा' म्हटलं की लोक सीटच्या बोल्टला लावतात, म्हणून मी बॅटरी म्हणतो. आणि मायनसचा फ्यूज कशासाठी तेही नव्या मुलांनी समजून घ्यावं. बॅटरीच्या मायनसला चॅसिसशी जोडणारी जाड केबल कधी गंजून तुटली, तर स्टार्टरचा सगळा प्रवाह दुसरी वाट शोधतो. आपला मायनस बॅटरीवर असेल तर ती वाट अँटेनाच्या कोएक्सवरून (सेटपर्यंत येणाऱ्या केबलवरून), सेटमधून आणि आपल्या बारीक मायनस वायरीतून जाते. फ्यूज नसेल तर वायर जळते.

तांब्याची तार

मान्य. म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलवर मायनस लावला तर फ्यूज हवाच, आणि बॅटरीच्या चॅसिस बोल्टवर लावला तर नको. भांडण मिटलं!

रात्रपाळी

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर? माझी आहे म्हणून विचारते.

सोल्डरताई

नारिंगी आवरणाच्या केबलला हात लावायचा नाही, त्यात जीव घेण्याइतका व्होल्टेज असतो. अशा गाडीत १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते, तिथून घ्यायचं. ती किती प्रवाह पेलते ते मात्र गाडीच्या पुस्तकात बघा. आणि कुठल्याही गाडीत एअरबॅग फुगण्याच्या वाटेत ना सेट यावा, ना वायर. खांबाच्या आवरणाखालून वायर नेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते.

छप्परप्रेमी

वीज झाली, आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो. नवातरंग, अँटेना डिकीवरून उचला आणि छपराच्या मधोमध ठेवा. आत्ता, हा प्रतिसाद वाचून झाल्याझाल्या.

चौथाई तरंगाची अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २.०७ मीटर, म्हणून चौथाई काडी साधारण ४९ सेंटिमीटरची. तिला चारही बाजूंनी निदान तेवढाच पत्रा लागतो. डिकीच्या कडेला ठेवली तर एका बाजूला भरपूर पत्रा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. शिवाय छपराचा उंचवटा समोर आडवा येतो. मग सिग्नल एका दिशेला झुकतो आणि वळणावर तुम्ही कुणाला ऐकू येता, कुणाला येत नाही. डिकीचं झाकण बाकी गाडीशी फक्त बिजागरीने जोडलेलं असतं, तेही तितकंसं बरं नाही.

खरी मजा छपराला भोक पाडून पक्की बैठक बसवण्यात आहे. पत्र्याशी थेट स्पर्श, केबल आतून, दरवाजात चिरडत नाही. मी तिन्ही गाड्यांना भोक पाडलं आणि एकदाही पाणी आत आलं नाही.

वहिनींचाअँटेना

तुम्ही पाडा हो भोकं. आमच्याकडे गाडी दोघांच्या नावावर आहे, आणि मीच परवानाधारक असूनही मला परवानगी मिळालेली नाही. :) चुंबक उत्तम चालतो. बैठक आणि पत्रा मिळून कपॅसिटर तयार होतो, रंग मध्ये असला तरी व्हीएचएफला तो पुरतो. फक्त छप्पर लोखंडी हवं. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या छपराला चुंबक चिकटत नाही, तिथे बोनेटच्या कडेचा क्लॅम्प लावावा.

छप्परप्रेमी

वहिनी, चुंबक चालतो हे मान्य. भोक जास्त चालतं हेही मान्य करा.

वहिनींचाअँटेना

अर्धा डेसिबल. चहाच्या पेल्यातलं वादळ!

नवातरंग

छपरावर ठेवली. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ उत्तम) डिकीवर २.४ होता, आता १.५ आहे. काडी अजून कापून १.१ करू का?

डमीलोड

कापू नका! १.५ ला फक्त ४ टक्के शक्ती परत फिरते. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.५ वरून १.१ वर आणलंत तर समोरच्याच्या मीटरची सुई हलणारसुद्धा नाही. आणि कापलेली काडी वाढत नाही. कापायचीच असेल तर आधी बँडच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या टोकाला मोजा. वरच्या टोकाला कमी दिसला तर काडी आखूड आहे, कापून बिघडेल. खालच्या टोकाला कमी दिसला तरच लांब आहे.

जास्त फरक कोएक्समध्ये आहे. चुंबकाच्या बैठकीबरोबर येते तशी पाच मीटर बारीक आरजी-५८ व्हीएचएफला साधारण १ डेसिबल खाते, यूएचएफला जवळजवळ २. दोन डेसिबल म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त शक्ती केबलमध्येच गेली. जास्तीची केबल गुंडाळून ठेवण्यापेक्षा हवी तेवढीच ठेवा.

मोर्सप्रेमी

अवांतर होईल, पण एसडब्ल्यूआरचा विषय निघालाच आहे तर एचएफवाल्यांसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्यांसाठी) लिहितो. गाडीवर ७ मेगाहर्ट्झला जेमतेम अडीच मीटरची काडी लावली तर तिचा रेडिएशन रेझिस्टन्स (शक्ती तरंगांत बदलणारा उपयोगी रोध) एक-दीड ओहम भरतो. कॉइलचा रोध आणि गाडीखालच्या जमिनीतला ऱ्हास मिळून त्याच्या कितीतरी पट. म्हणजे शंभर वॅटमधले बरेचसे कॉइल आणि माती तापवण्यात जातात. म्हणूनच कुठलीही जुळवणी न लावता एचएफच्या मोबाईल अँटेनाचा एसडब्ल्यूआर १.१ दिसला तर मी खूश होत नाही. ऱ्हास वाढून अँटेनाचा एकूण रोध सेटला हव्या त्या ५० ओहमला पोचला असण्याची शक्यता जास्त. चांगली अँटेना आधी १.८-२ दाखवते, मग पायथ्याशी छोटी कॉइल लावून ती जुळवायची.

दरवाजे, बोनेट, डिकी, सायलेन्सरचा पाइप हे सगळं जाळीच्या पट्ट्यांनी चॅसिसला बांधल्यावर माझ्याकडे आवाजाची पातळी एवढी उतरली की आधी सेट बंद पडला असंच वाटलं. त्या रात्री सिग्नलला थांबलेलो असताना मोर्समध्ये समुद्रापलीकडचं स्टेशन मिळालं. गाडीत बसून, हाताने कळ दाबत! तो आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

रात्रपाळी

मोर्सप्रेमी, यावर वेगळा धागा काढाच.

नवातरंग

शनिवारचा अहवाल. ४ चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून थेट ओढली. प्लसला बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज. माझ्या गाडीत सेन्सर आहे, म्हणून मायनस चॅसिसच्या बोल्टला. सेट आता बंद पडत नाही. पण शीळ पूर्ण गेली नाही, कमी झाली. आणि ताईंच्या पद्धतीने मोजलं तर प्लसच्या वाटेवर ०.२ व्होल्ट, मायनसच्या वाटेवर ०.७!

सोल्डरताई

सापडला चोर. बोल्टखालचा रंग खरवडलात का? चॅसिसवर रंगाचा आणि गंजरोधकाचा थर असतो. फक्त आट्यांमधून जेवढा स्पर्श मिळेल तेवढाच मिळतो. चकाकणारा धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि वरून ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. शीळही तिथूनच येत असणार. अल्टरनेटरच्या विजेत लहरी असतात. त्या वाटेतल्या रोधावर उमटतात आणि माइकच्या आवाजात मिसळतात.

नवातरंग

खरवडलं. मायनसला आता ०.१५. इंजिन चालू ठेवून, हाय पॉवरवर सेटच्या कनेक्टरवर १३.६. मित्र सिंप्लेक्सवर (रिपीटरशिवाय, थेट) ऐकत होता. म्हणाला, शीळ नाही, आवाज भरदार. ताई, मनापासून आभार.

पण रिपीटर अजून उघडत नाही. :(

शांतस्क्वेल्च

आता माझी पाळी. नवातरंग, एक करा. रिपीटरवर कॉलसाइन बोला, पीटीटी सोडा आणि लगेच मॉनिटरचं (जे येईल ते ऐकवणारं) बटण दाबा. काय ऐकू येतं?

नवातरंग

अरेच्चा! रिपीटरची शेपटी (बोलणं संपल्यावर क्षणभर चालू राहणारा त्याचा सिग्नल) ऐकू आली, बीपसकट. म्हणजे तो उघडतोय?

शांतस्क्वेल्च

पहिल्या दिवसापासून बहुधा उघडत असावा. तुमच्या सेटवर टोनचे दोन पर्याय आहेत. एकात टोन फक्त पाठवला जातो. दुसऱ्यात पाठवलाही जातो आणि ऐकतानाही मागितला जातो, म्हणजे टोन स्क्वेल्च. सगळेच रिपीटर उलट दिशेने, म्हणजे आपल्याकडे, टोन पाठवतात असं नाही. तुमचा पाठवत नसेल तर टोन स्क्वेल्चवर स्पीकर गप्प राहणार. हँडहेल्डवर नुसता 'टी' असेल आणि मोबाईलवर 'टीएसक्यू', बघा.

आणखी एक. सीटीसीएसएसचे, म्हणजे रिपीटर उघडायचे हे, टोन ६७ ते २५४.१ हर्ट्झमध्ये असतात, कानाला जवळजवळ न ऐकू येणारे. तो ओळखायला रिपीटरला क्षणभर लागतो. म्हणून पीटीटी दाबल्यावर अर्धा-एक सेकंद थांबून बोला. नाहीतर कॉलसाइनची पहिली अक्षरं गिळली जातात आणि लोक तुम्हाला भलत्याच नावाने ओळखतात.

नवातरंग

अगदी तेच! 'टीएसक्यू' होतं. बदललं, आणि तीन जणांनी एकदम उत्तर दिलं. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "गेल्या आठवडाभर तुम्ही हाका मारत होतात, आम्ही उत्तर देत होतो, आणि तुम्ही निघून जात होतात." त्यांची माफी मागितली. मग पाऊण तास गप्पा झाल्या.

आता एक नवी शंका. गाडी चालू असताना समोरचा आवाज फडफडतो. ताशी साठला खूप, सिग्नलला थांबलो की कधी एकदम स्वच्छ, कधी नुसती खरखर.

तांब्याची तार

ही फडफड सगळ्यांनाच येते, बिघाड नाही. इमारती आणि डोंगरांवरून परतलेले तरंग मूळ तरंगात मिसळतात. कुठे जोडले जातात, कुठे एकमेकांना खोडतात. खोडण्याच्या जागा साधारण अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे या बँडवर एक-एक मीटरवर येतात. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे सेकंदाला सोळा फडफडी. यूएचएफला जवळजवळ पन्नास, म्हणून तिथे ती घरघरीसारखी वाटते. थांबल्यावर खरखर आली तर गाडी हातभर पुढे घ्या, बहुतेक वेळा सिग्नल उभा राहतो.

जुना ऑपरेटर

नवातरंग, एक सांगायचं राहिलं. माइक तोंडापासून चार बोटं, थोडा तिरका, आणि ओरडायचं नाही. ओरडलं की डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी खालीवर हलते ते) वाढतं आणि आवाज फाटतो. चॅनेल आधीच मेमरीत भरून ठेव, गाडी चालवताना मेनू उघडायचा नाही. रहदारी अवघड झाली की "थांबतो" म्हणून माइक खाली ठेवायचा. समोरचा ऑपरेटर समजून घेतो. पुराच्या दिवसांत फोन बंद असताना मी रात्रभर गाडीतून निरोप पोचवले आहेत. त्या रात्री सेट जेवढा उपयोगी पडला तेवढंच प्रत्येकाचं शांत, तुटक, स्पष्ट बोलणं पडलं. त्याचा सराव रोजच्या गप्पांतच होतो. इंजिन बंद ठेवून बोलायची वेळ आली तर पॉवर लो कर. ५ वॅटवर काम होत असेल तर ५० कशाला? सकाळी गाडी सुरू व्हायला हवी ना.

वहिनींचाअँटेना

काकांना +१. आमची मुलगी आता जेवायला बसल्यावरही "पोळी वाढ, ओव्हर" म्हणते.

नवातरंग

सगळ्यांचे आभार. सेट राहिला, मुदत संपली, मी खूश आहे. आज कामावरून येताना छप्परप्रेमी यांच्याशीच रिपीटरवर बोललो, त्यांनी आवाज ओळखला. ७३ (आपल्या हॅमच्या भाषेत शुभेच्छा).

छप्परप्रेमी

७३ नवातरंग! भोक पाडेपर्यंत एक करत जा. महिन्यातून एकदा चुंबक सरळ वर उचला, ओढू नका, आणि त्याखालचा पत्रा ओल्या फडक्याने पुसा. लोखंडाचा बारीक कीस तिथे जमतो आणि रंग खरवडतो. पुन्हा ठेवताना एसडब्ल्यूआर एकदा बघून घ्या.